आपोआप काळवंडणारा आरसा

कार्तिक महिना लागून कापसाची वेचणी भरांत आली म्हणजे हिंगणघाट तालुक्यांतील रस्त्यांना रात्रीहि उसंत मिळत नाहीं. अल्लीपुरासारख्या मोठ्या गांवांतून बाजारपेठेकडे जाणारा कापूस पूर्वीं बंड्यांतून जात असे. आतां तो बहुतेक ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून आणि मालमोटारींतून जातो. म्हणून बंडी नाहींशी झाली असें मात्र नव्हे. शेतांतून घरीं आणि घरून शेतांत तिची ये-जा चालूच असते, आणि दिवस मावळल्यावर ती डांबरी रस्त्यावर येते तेव्हां तिच्या पाठीमागें बहुधा कसलाच दिवा नसतो. बंडीखालीं कंदील टांगण्याची जुनी रीत होती. कंदील गेला, आणि त्याच्या जागीं दुसरें कांहीं सर्वत्र आलें नाहीं. काळ्या मातीनें माखलेलीं चाकें, गवताचा भारा आणि वर घोंगडी पांघरून बसलेला माणूस: काळोखांत याहून कमी दिसणारी वस्तु दुसरी कोणती असेल?

याच रस्त्यानें एक मोटार चालली आहे असें समजा. तिच्या मागें दहा-वीस मीटरांवर एक उंच मालमोटार आली आहे, आणि त्या चालकानें आपले दिवे वरच ठेवले आहेत. मोटारींतला आरसा पेटल्यासारखा दिसूं लागतो. पुढची बंडी आणि मागचा दिवा यांचा एकमेकांशीं वास्तविक कांहीं संबंध नाहीं. परंतु मधल्या चालकाच्या डोळ्यांत दोहोंची गांठ पडते, आणि दिव्यापुढें बंडी हरते. अशा वेळीं आपोआप काळवंडून चालकाच्या डोळ्यांना जपणारा एक आरसा अलीकडे पुष्कळ मोटारींत बसविलेला आढळतो. तो काय करतो, कसें करतो, आणि काय करूं शकत नाहीं, हें श्रोत्यांपुढें मांडण्याचा आज माझा विचार आहे.

प्रथम डोळ्याची गोष्ट सांगितली पाहिजे. कारण आरसा तिच्यासाठींच आहे.

श्रोतेहो, ‘डोळे दिपले’ असें आपण म्हणतों तेव्हां त्या दोन शब्दांत दोन निराळ्या गोष्टी असतात. प्रखर उजेडानें होणारा त्रास ही एक. त्या उजेडामुळें आजूबाजूचें दुसरें कांहीं न दिसणें ही दुसरी. त्रास तेवढा आपल्या लक्षांत येतो आणि त्याबद्दल आपण मागच्या चालकास चार शब्द ऐकवितों. न दिसण्याची गोष्ट मात्र लक्षांतच येत नाहीं, कारण जें दिसलें नाहीं तें नाहींसें झालें हें कळणार कसें? बंडी दिसली नाहीं याची जाणीव बंडीपाशीं पोंचल्यावरच होते.

हें न दिसणें कां घडतें? डोळ्याच्या पुढील पारदर्शक पटल, त्यामागील भिंग आणि आंतील द्रव हीं कोणाचींच सर्वस्वी निर्मळ नसतात. तीव्र प्रकाश त्यांतून जातांना त्याचा थोडा अंश विखुरतो आणि मागच्या दृष्टिपटलावर सर्वत्र सांडतो. खिडकीची कांच धुळीनें मळलेली असून तिच्यावर समोरून ऊन पडलें म्हणजे पलीकडचें अंगण जसें दिसेनासें होतें, तसाच एक पांढुरका पडदा डोळ्याच्या आंत पसरतो. दिवसां या पडद्याचें कांहीं वाटत नाहीं, कारण सगळेंच उजळलेलें असतें. रात्रीं काळ्या रस्त्यावरील काळसर बंडी आणि तिच्या भोंवतालचा काळोख यांच्यांतील भेद मुळांतच इतका थोडा असतो, कीं त्यावर पातळसा पडदा पडला तरी तो पुसून जातो. अमेरिकेंत हॉलडे यांनीं १९२६ सालीं आणि इंग्लंडांत स्टाइल्स यांनीं त्यानंतर थोड्याच वर्षांनीं या पडद्याचें मोजमाप केलें. डोळ्यांवर पडणाऱ्या प्रकाशाच्या प्रमाणांत हा पडदा दाट होतो. दिवा आपल्या नजरेच्या रेषेपासून जितका दूर, तितका तो विरळ होतो; आणि विरळ होतो तो अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत. म्हणजे दिव्याचा नजरेशीं होणारा कोन निम्मा झाला, तर पडदा चौपट दाट होईल. वय वाढतें तसतसें भिंग गढूळ होत जातें, त्यामुळें साठीच्या माणसाच्या डोळ्यांत हा पडदा विशीच्या माणसापेक्षां बराच दाट असतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर विचारावयासच नको. दिवसां बऱ्यापैकीं पाहणारा माणूसहि रात्रीं समोरून दिवा येतांच चांचपडूं लागतो.

याखेरीज आणखी एक अडचण आहे. अंधाराला डोळा सावकाश सरावतो. पूर्णपणें सरावण्यास त्याला अर्धा तास किंवा त्याहून अधिक लागतो. हा मिळविलेला सराव मात्र एका लखलखाटानें क्षणांत बिघडतो. पुन्हां कामापुरतें दिसूं लागण्यास कांहीं सेकंद जातात. कांहीं सेकंद हें बोलण्यांत क्षुल्लक वाटतें. परंतु ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत सुमारें १७ मीटर जाते. तीन सेकंदांत ती ५० मीटर पुढें गेलेली असते, आणि तेवढें अंतर ती जवळजवळ डोळे मिटून गेली असें म्हणावयास हरकत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, कीं समोरून येणाऱ्या दिव्यांचा उपद्रव मोठा. मागच्याचें एवढें काय? या शंकेंत तथ्य आहे. मोटारीच्या आंतला आरसा चालकाच्या डावीकडे वर असतो, त्यामुळें नजर सरळ रस्त्यावर असतांना त्याचा कोन बराच मोठा पडतो आणि पडदा त्या मानानें विरळ राहतो. समोरच्या दिव्याचा कोन लहान असतो. पण दोन गोष्टी विसरतां कामा नयेत. समोरचें वाहन येतें आणि कांहीं सेकंदांत निघून जातें. मागचें वाहन पुढें जाईपर्यंत मागेंच असतें, आणि अरुंद रस्त्यावर तें गांवेंच्या गांवें पाठ सोडीत नाहीं. दुसरें असें, कीं आरसा हा पाहण्यासाठींच असतो. चालकानें त्यांत दर थोड्या वेळानें पाहिलेंच पाहिजे, आणि पाहिलें कीं कोन शून्य होतो. त्याशिवाय, उजळलेल्या वस्तूकडे डोळा न बोलावतां जातो, हा मनुष्यस्वभाव आहे. मालमोटारीचे दिवे उंचावर असल्यानें ती जवळ आली म्हणजे तिचे खालीं केलेले दिवेदेखील मोटारीच्या आरशांत शिरतात. आणि आतां तर पिवळसर दिव्यांच्या जागीं पांढरे शुभ्र एलईडी दिवे आले आहेत. त्यांचा झोत लहानशा जागेंतून निघतो आणि म्हणूनच तो अधिक बोंचतो.

मोटारीला आरसा असावा हें आरंभीं कोणाच्या फारसें मनांत नव्हतें. १९०९ सालीं डोरोथी लेव्हिट या इंग्रज मोटारचालक बाईंनीं स्त्रियांसाठीं लिहिलेल्या पुस्तकांत हातांत धरावयाचा छोटा आरसा मोटारींत जवळ बाळगावा, म्हणजे मागचें वाहन त्यांत पाहतां येतें, असा सल्ला दिला होता. १९११ सालीं अमेरिकेंतील इंडियानापोलिस येथील पांचशें मैलांची शर्यत रे हॅरून यांनीं जिंकली, ती गाडीवर आरसा बसवून. इतर स्पर्धकांबरोबर मागें पाहण्यासाठीं एकेक मदतनीस बसलेला होता. हॅरून एकटेच होते. मदतनिसाचें काम आरशानें केलें. पुढें आरसा सर्वत्र झाला, आणि रात्रींचा हा त्रास त्याच्याबरोबरच आला.

त्यावरचा पहिला चांगला उपाय इतका साधा आहे, कीं तो आजहि बहुसंख्य मोटारींत आहे आणि बहुसंख्य लोकांना ठाऊक नाहीं. आंतल्या आरशाच्या खालीं एक लहानशी काळी दांडी लोंबत असते. एकदां वर्ध्याहून अल्लीपूरकडे भाड्याच्या जीपनें येत असतां मीं चालकास त्या दांडीविषयीं विचारलें. तो म्हणाला, “आरसा फिरवाले धराची मूठ हाय ते, साहेब.” अंधार पडला होता आणि मागें एक ट्रक लागला होता. त्याच्या परवानगीनें मीं ती दांडी मागें ओढली. तो जरा थांबून म्हणाला, “मांगचा उजेडच गेला नं!” सात-आठ वर्षें तो ती जीप चालवीत होता.

या दांडीची करामत अशी. हा आरसा साध्या सपाट कांचेचा नसतो. त्याची कांच वरून खालीं पाचरीसारखी निमुळती होत जाते. तिच्या मागील पृष्ठावर चांदीसारखा चकचकीत लेप असतो आणि तो पडलेल्या प्रकाशापैकीं शेंकडा ऐंशींहून अधिक प्रकाश परत फेकतो. पुढील पृष्ठावर लेप नसतो, तथापि कोरी कांचदेखील शेंकडा चार इतका प्रकाश परत पाठवितेच. संध्याकाळीं दिवा लावल्यावर खिडकीच्या कांचेंत आपलें तोंड दिसतें तें यामुळेंच. पाचरीच्या आकारामुळें हीं दोन पृष्ठें एकमेकांस समांतर नसतात, म्हणून त्यांचीं प्रतिबिंबेंहि निरनिराळ्या दिशांना जातात. दिवसां चालकाला मागच्या लेपाचें प्रतिबिंब दिसतें. दांडी ओढली कीं आरसा किंचित् कलतो, लेपाचें प्रखर प्रतिबिंब भलतीकडे जातें, आणि कोऱ्या कांचेचें शेंकडा चारांचें मंद प्रतिबिंब डोळ्यांसमोर येतें. वीज नको, रसायन नको, बिघडण्यासारखें कांहीं नाहीं. एवढी स्वस्त आणि टिकाऊ युक्ति मोटारींत दुसरी क्वचितच असेल.

तिच्यांत उणीव आहे ती ही, कीं ती एक तर पूर्ण उजेड देते, नाहीं तर जवळजवळ अंधार. मधली पायरी नाहीं. मंद प्रतिबिंबांत मागचे दिवे तेवढे दिसतात, वाहन किती दूर आहे तें नीट उमगत नाहीं. आणि दांडी ओढावयाची आठवण चालकालाच ठेवावी लागते. दिवे अंगावर आल्यावर हात स्टिअरिंगवरून काढून आरशाकडे न्यावा, आणि ट्रक निघून गेल्यावर पुन्हां न्यावा, ही कसरत रात्रभर कोण करणार?

म्हणून ती दांडी आपोआप हालावी अशी खटपट सुरू झाली. अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीनें १९५९ च्या सुमारास प्रकाश ओळखणारा विद्युत्-नेत्र आरशांत बसविला. मागून उजेड आला कीं यंत्र आरसा कलवीत असे. मिशिगन राज्यांत झीलंड नांवाचें एक लहान गांव आहे. तेथें १९७४ सालीं निघालेली जेंटेक्स ही कंपनी मूळची धूर ओळखून आगीची सूचना देणारीं उपकरणें करणारी. धूर ओळखण्यासाठीं तिच्या उपकरणांत प्रकाशाचें मापन होतच असे. तेंच ज्ञान तिनें आरशाकडे वळविलें आणि १९८२ सालीं आपोआप कलणारा आरसा बाजारांत आणला. पण कलणारा आरसा कसाहि कलला तरी दोन पायऱ्यांचाच. खरा पालट १९८७ सालीं झाला. त्या वर्षीं याच कंपनीनें जो आरसा काढला त्यांत हालणारा एकहि भाग नव्हता. तो जागचा न हालतां काळा होत असे, आणि जितका हवा तितकाच होत असे.

वीज लावली असतां कांहीं पदार्थांचा रंग पालटतो, हें शास्त्रज्ञांस त्यापूर्वींपासून ठाऊक होतें. १९६९ सालीं भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सत्येन देब यांनीं अमेरिकेंत काम करीत असतां टंगस्टन धातूच्या ऑक्साइडचा पातळ थर विजेनें निळा होतो आणि उलट वीज दिली कीं पुन्हां स्वच्छ होतो, हें दाखविलें. या विषयांतील पुढील बहुतेक संशोधन त्या कामापासून सुरू झालें असें मानतात. परंतु टंगस्टनचा हा थर एकदां रंगला म्हणजे वीज बंद झाली तरी रंग धरून बसतो. खिडकीच्या कांचेला हा गुण सोयीचा आहे. मोटारीच्या आरशाला तो धोक्याचा: भर रस्त्यांत तार तुटली आणि आरसा काळाच राहिला, तर? आरशाला असें द्रव्य हवें होतें, कीं जें वीज असेपर्यंतच काळें राहील आणि ती जातांच आपोआप निवळेल.

तें द्रव्य कोणतें हें सांगितल्यावर अल्लीपूरच्या शेतकऱ्यांस मौज वाटेल. कपाशींत माजलेलें तण जाळण्यासाठीं जें पॅराक्वॅट फवारतात, त्याच कुळांतील रसायनें या आरशांत असतात. या कुळाचें शास्त्रीय नांव व्हायोलोजेन. विजेचा सूक्ष्म कण, ज्याला इलेक्ट्रॉन म्हणतात, तो एक मिळाला कीं हें रसायन गडद निळें-जांभळें होतें. त्या जांभळ्या रंगावरूनच १९३३ सालीं मायकेलिस या शास्त्रज्ञानें तें नांव ठेविलें. तेव्हां त्याचा उपयोग प्रयोगशाळेंत रंगावरून रासायनिक क्रिया ओळखण्यापुरता होता. तें तण मारतें हा शोध १९५५ सालीं इंग्लंडांत लागला आणि १९६२ पासून तें पॅराक्वॅट या नांवानें विकलें जाऊं लागलें. दोन्ही ठिकाणीं त्याची खोड एकच आहे: इलेक्ट्रॉन पळवावयाचा आणि लगेच दुसऱ्यास देऊन टाकावयाचा. हिरव्या पानांत सूर्यप्रकाशाच्या जोरावर इलेक्ट्रॉनांचा जो ओघ चालूं असतो, त्यांतून पॅराक्वॅट एकेक इलेक्ट्रॉन हिसकावतें आणि हवेंतील प्राणवायूच्या गळ्यांत बांधतें. असा भरलेला प्राणवायु पान आंतून जाळून टाकतो. म्हणूनच ऊन कडक असलें कीं फवारणीचा गुण लवकर येतो. माणसाच्या पोटांत गेलें तर फुप्फुसांत हाच प्रकार होतो. त्यावर खात्रीचा उतारा नाहीं, हें येथें सांगून ठेवणें माझें कर्तव्य आहे.

आरशांत प्राणवायूस मज्जाव असतो. दोन कांचा एकमेकींवर ठेवून त्यांच्यांत केसाच्या जाडीहून थोडी अधिक इतकीच फट राखलेली असते आणि कडा डिंकासारख्या पक्क्या लेपानें बंद केलेल्या असतात. कांचांच्या आंतील अंगास वीज वाहून नेणारा थर दिलेला असतो. पुढच्या कांचेवरील थर पारदर्शक असतो; इंडियम आणि कथील यांच्या ऑक्साइडांचा असा थर आपल्या खिशांतील मोबाइलच्या कांचेवरहि आहे. मागच्या कांचेला आरशाचा चकचकीत लेप असतो. फटींत दाटसर द्रव भरलेला असतो आणि त्यांत दोन रसायनें विरघळविलेलीं असतात: एक व्हायोलोजेन जातीचें, इलेक्ट्रॉन घेणारें, दुसरें बहुधा फेनाझीन जातीचें, इलेक्ट्रॉन देणारें. विजेवांचून दोन्ही जवळजवळ रंगहीन असतात. सव्वा व्होल्टच्या आसपास दाब दिला, म्हणजे हातबत्तीच्या एका सेलहूनहि कमी, कीं ऋण बाजूच्या कांचेपाशीं व्हायोलोजेन इलेक्ट्रॉन घेऊन निळें होतें आणि धन बाजूस दुसरें रसायन इलेक्ट्रॉन देऊन हिरवट होतें. दोन रंग मिळून आरशावर निळसर-हिरवट काळोखी चढते. श्रोत्यांपैकीं कोणी अशा मोटारींत रात्रीं बसले असतील तर आरशाची ती छटा त्यांनीं पाहिली असेल.

आतां यांतील खुबी पाहा. रंगलेले दोन्ही पदार्थ कांचेस चिकटून राहत नाहींत. ते द्रवांत पसरत पसरत मध्यावर येतात, एकमेकांस भेटतात, आणि घेतलेला इलेक्ट्रॉन परत करून पुन्हां रंगहीन होतात. म्हणजे हा आरसा स्वतःला सतत पुसत असतो आणि वीज त्याला सतत रंगवीत असते. वीज बंद पडली, तार तुटली, मोटार थांबली, तरी थोड्याच वेळांत तो आपसूक स्वच्छ होतो. हार्लन बायकर या रसायनज्ञानें जेंटेक्समध्यें असतां सिद्ध केलेल्या या योजनेचें पेटंट १९९० सालीं नोंदलें गेलें, आणि पेटंटाच्या शीर्षकांतच ‘स्वतः पुसणारें’ असें विशेषण आहे. बिघडला तर निरुपद्रवी बाजूस बिघडावा, ही काळजी यंत्ररचनेंत मला फार मोलाची वाटते.

काळेपणाचा हिशेबहि मनोरंजक आहे. प्रकाश द्रवाच्या थरांतून एकदां आंत जातो, मागच्या लेपावर आपटतो आणि त्याच थरांतून दुसऱ्यांदां बाहेर येतो. थरानें एक तृतीयांश प्रकाश जाऊं दिला, तर दोन खेपांत एक नवमांशच उरेल. त्यामुळें थर फार गडद करावा न लागतां आरसा पुष्कळ मंद होतो, आणि दाब कमी-अधिक करून मधली कोणतीहि पायरी साधतां येते. मागचें वाहन दिसत राहतें आणि डोळेहि वांचतात.

किती काळें व्हावयाचें हें आरसा ठरवितो दोन डोळ्यांनीं. एक प्रकाशमापक पुढच्या कांचेकडे तोंड करून असतो. तो बाहेर दिवस आहे कीं रात्र हें पाहतो. दुसरा चालकाच्या बाजूस, मागें पाहणारा असतो. तो मागून येणारा झोत मोजतो. दोहोंची तुलना होऊन बाहेर अंधार आणि मागें उजेड अशी स्थिति असली तरच वीज सोडली जाते. भर दुपारीं मागचे दिवे लागलेले असले तरी आरसा स्वच्छच राहतो. मोटार मागें घेण्याचा गिअर टाकला कीं तो मुद्दाम स्वच्छ केला जातो, कारण तेव्हां मागचें नीट दिसणें अधिक महत्त्वाचें. काळें व्हावयास कांहीं सेकंद लागतात आणि पुन्हां निवळण्यास त्याहून थोडे जास्त.

ज्यांच्याकडे असा आरसा आहे त्यांनीं हे दोन डोळे झांकूं नयेत. आरशाला माळा, ताईत, बाहुल्या लटकाविण्याची आपल्याकडे आवड आहे. पुढच्या कांचेवर नेमकी आरशाच्या मागें चिकटविलेली चिठ्ठी पुढचा डोळा बंद करते, आणि मग आरशाला भर दिवसां रात्र वाटूं लागते. मागच्या कांचेपर्यंत सामान रचलें तर मागचा डोळा आंधळा होतो. उन्हाळ्याची गोष्ट वेगळी. आमच्या जिल्ह्यांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो, आणि उन्हांत बंद उभ्या केलेल्या मोटारींत त्याहून पुष्कळ वर. अशीं बरींच वर्षें गेलीं कीं कडेचा लेप सैल होण्याचा संभव असतो. हवा आंत शिरली कीं बुडबुडे दिसतात, कडेला तपकिरी डाग पडतो, कधीं द्रवहि पाझरतो. असा पाझर दिसला तर तो हातानें पुसूं नये. लागला तर साबणानें धुवावा. द्रव थेंबभरच असतो, पण त्याचें कूळ आपण पाहिलेंच आहे.

इतकें झाल्यावर एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. हा आरसा ज्याच्या मोटारींत आहे त्याचेंच रक्षण करतो, आणि तेंहि पाठीमागून. आपल्या रस्त्यांवर बहुसंख्य लोक मोटारसायकलींवर, ट्रॅक्टरवर, बंडींत, नाहीं तर पायीं असतात. त्यांच्या वाट्यास यांतलें कांहीं येत नाहीं. मोटारींतहि बहुधा आंतला आरसाच असा असतो. बाहेरचे दोन साधेच राहतात आणि उजवा तर चालकाच्या डोळ्यांच्या अगदीं जवळ असतो. समोरून येणाऱ्या दिव्यांवर तर या आरशाचा मुळींच उपाय चालत नाहीं.

तो उपाय मागच्या आणि समोरच्या चालकाच्या हातांत असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे आहेत. त्यांतील १०६ वा नियम सांगतो, कीं दिव्याचा झोत कायम खालीं वळलेला असावा किंवा चालकास तो खालीं वळवितां यावा, इतका, कीं दिव्यापासून ८ मीटरांवर, त्याच्या उजवीकडे अर्ध्या मीटरावर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे अशा माणसास तो दिपविणार नाहीं. दीड मीटर म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांची साधारण उंची. नियम करणारांनीं रस्त्यावर चालणारा माणूस डोळ्यांपुढें ठेवला होता, हें यांत दिसतें. पूर्वीं दिव्याच्या कांचेवर काळा ठिपका रंगविण्याची सक्ति पोलीस करीत असत, ती श्रोत्यांपैकीं वडीलधाऱ्यांस आठवत असेल. ठिपका गेला. ट्रकांच्या पाठीवर ‘यूज डिपर ॲट नाइट’ ही अक्षरें अजून रंगविलेलीं दिसतात. तीं ज्यानें वाचावयाचीं तो मागचा चालक दिवे वर ठेवूनच तीं वाचतो.

राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ हा नागपूरहून जामवरून हिंगणघाटाकडे येतो. त्याच्या रुंद, दुभाजक असलेल्या पट्ट्यावर हा प्रश्न बराच सौम्य होतो. तेथून उतरून गांवच्या अरुंद रस्त्याला लागलें कीं तो पुन्हां उग्र होतो. यांत ट्रॅक्टरचा एक खास गुन्हा आहे. रात्रीं नांगरतांना मागचें औत दिसावें म्हणून ट्रॅक्टरच्या पाठीस एक पांढरा दिवा असतो. शेतांत तो हवाच. पण शेतांतून रस्त्यावर येतांना तो बंद करण्याचें पुष्कळांस भान राहत नाहीं, आणि मग मागून येणाऱ्यास समजतच नाहीं कीं वाहन पुढें चाललें आहे कीं अंगावर येत आहे. पाठीमागें पांढरा दिवा आणि पुढें तांबडा, ही उलटापालट कोणत्याहि आरशानें सुधारत नाहीं. उलट, ट्रॉली जोडली असली तर तिच्या भाऱ्याखालीं ट्रॅक्टरचे तांबडे दिवेहि झांकून जातात, आणि ट्रॉलीला स्वतःचे दिवे असले तरी त्यांची तार जोडण्याचे कष्ट थोडेच लोक घेतात.

ज्यांच्या मोटारींत नवा आरसा नाहीं त्यांनीं दांडीचा आरसा वापरावा. बाहेरचा उजवा आरसा मागचे दिवे थेट डोळ्यांत येणार नाहींत, पण मागचें वाहन कडेस दिसत राहील, इतका बाहेर वळवावा. पुढची कांच आंतून पुसावी. आंतील बाजूस धुराचा आणि श्वासाचा जो पुसट थर बसतो तो डोळ्यांतल्या पडद्यावर आणखी एक पडदा घालतो. मागच्या दिव्यांनीं अगदींच त्रास दिला तर वेग कमी करून कडेस व्हावें आणि त्याला जाऊं द्यावें.

राहतां राहिली बंडी. तिच्यासाठीं प्रकाश परतविणारी तांबडी पट्टी मिळते. साधी रंगविलेली फळी आपल्यावर पडलेला उजेड चोहोंकडे उधळते, म्हणून चालकापर्यंत त्याचा लहानसा अंशच पोंचतो. या पट्टींत बारीक कांचमणी किंवा सूक्ष्म त्रिकोणी खळगे असतात, आणि ते उजेड ज्या दिशेनें आला त्याच दिशेस परत धाडतात. त्यामुळें चालकाला ती त्याच्याच दिव्यांनीं पेटल्यासारखी दिसते, आणि डोळ्यांत पडदा असतांनाहि त्यांतून उठून दिसण्याइतकी ती उजळ असते. पट्टी बंडीच्या मागच्या आडव्या लांकडावर दोन्ही टोकांस लावावी, मधोमध एकच लावूं नये. दोन ठिपके दिसले म्हणजे बंडीची रुंदी कळते आणि ते एकमेकांपासून दूर होत जातांना पाहून आपण किती जवळ आलों हेंहि कळतें. भारा लोंबून ती झांकणार नाहीं इतकी खालीं, आणि चाकांचा चिखल उडणार नाहीं इतकी वर ती असावी. पावसाळ्यांत बैल धुतांना ओल्या फडक्यानें तीहि पुसून घ्यावी.